रामटेकचा ढग लंडनमध्ये पडला, त्याची गोष्ट

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत कालिदास दिनाच्या निमित्तानं मेघदूतावर लेख आला होता. लेख चांगला होता, रामटेकच्या गडाचा फोटोही झकास, कापून ठेवला मी. पण शेवटी लेखकानं लिहिलं की परदेशातल्या लोकांनी कालिदास वाचला तो पुस्तकातच, अन् मग तीच जर्मन कवी गटेची गोष्ट, तो शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला म्हणून. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, खरंच नाचला की नाही देव जाणे. पण ज्या माणसानं रामटेकवरून निघालेल्या त्या ढगाचं अख्खं संगीत केलं, पाऊणशे-शंभर लोकांचा ऑर्केस्ट्रा अन् वरून कोरस लावून, त्याचं नाव लेखात कुठंच नाही म्हणून हे पत्र लिहायला बसलो. लांबलं तर कापा, पण त्या माणसाचं नाव कापू नका.

मी काही संगीतातला माणूस नाही. आर्वी तालुक्यात मंडप-साऊंड सर्व्हिसचं काम करतो अन् घरचं चार एकर वावर आहे, कपाशी-तूर. लग्न, तेरवी, भागवत सप्ताह, गणपती, प्रचार, सगळ्याला आपलाच आवाज. पंचवीस वर्षं भोंगे चढवले अन् उतरवले, त्यामुळं गाणं कळत नसलं तरी आवाज कळतो, एवढंच म्हणतो.

आठेक वर्षं झाली, नागपूरला मशीन रिपेअरीला टाकलं होतं (आम्ही ॲम्प्लिफायरला मशीनच म्हणतो), वेळ होता म्हणून सीताबर्डीला फुटपाथवर जुन्या पुस्तकांत हात घालत बसलो. तिथं एका डब्यात सीड्या होत्या, ४० रुपयाला कोणतीही. एकीवर इंग्रजीत लिहिलं होतं ‘द क्लाऊड मेसेंजर’, मला वाटलं हवामान खात्याचं काही असेल, खरंच सांगतो. उलटून पाहिलं तर बारीक अक्षरात कालिदासाचं नाव. मग कशाला सोडतो.

रेकॉर्डिंग असं आहे. संगीत गुस्ताव होल्स्टचं, वाजवणारे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा अन् त्यांचाच कोरस, एकटीनं गाणारी बाई डेला जोन्स, सगळ्यांना काठी दाखवणारा रिचर्ड हिकॉक्स, कंपनी शँडॉस. हिकॉक्स २००८ मध्ये गेला, साठीतच. सीडीवर होल्स्टचं आणखी एक येशूच्या स्तोत्राचं काम आहे, ते वेगळं, तेही भारी आहे पण आपला विषय ढग.

आता हा होल्स्ट कोण. १८७४ मध्ये चेल्टनहॅमला जन्मला, आधी पोटासाठी ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन वाजवायचा, म्हणजे आपल्याकडच्या बँडपथकात मोठी पितळी नळी मागं-पुढं करतो तो माणूस समजा, अन् नंतर आयुष्यभर लंडनच्या पोरींच्या शाळेत मास्तर. त्या माणसाला कालिदास अन् ऋग्वेद वाचायचा होता अन् हाती आलेली भाषांतरं त्याला पटेनात, तर हा गडी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जाऊन संस्कृत शिकायला लागला. पंडित नाही झाला तो, शब्दकोश घेऊन एकेक शब्द लावत बसायचा, पण ऋग्वेदाच्या सूक्तांना स्वतः इंग्रजीत उतरवलं अन् कोरससाठी चाली लावल्या, महाभारतातल्या सावित्रीवर छोटा ऑपेरा केला, ‘सीता’ नावाचा मोठा ऑपेरा केला, ‘इंद्र’ केलं, अन् मग १९१० च्या आसपास मेघदूत घेतलं. भारतात एकदाही आला नाही. आमच्या गावात संस्कृत घेऊन दहावी झालेले दहा-बारा जण निघतील, त्यांना विचारा मेघदूताचं वृत्त मंदाक्रांता कशी असते, शंभरपैकी शंभर मार्काचा विषय होता भाऊ, आता काही आठवत नाही, असं सांगतात. मी पण त्यातलाच. गागागागा लललललगा गालगागालगागा एवढं तेवढं राहिलंय, तेही मास्तरनं छडीवर पाठ करून घेतलं म्हणून.

सीडी आणली ती आधी घरी लागेना. आमच्याकडचा प्लेअर रिमोट हरवल्यापासून तिसऱ्या नंबरवरच जाऊन बसायचा. मग गोदामात, जिथं मंडपाचं कापड अन् खुर्च्या ठेवतो, तिथं मोठ्या मशीनवर लावली. मृग कोरडा गेला होता त्या साली, सरकी टोबून बसलेले सगळे वर पाहत होते. माझ्याकडं कामाला असलेलं पोट्टं वायरी गुंडाळत होतं. पाच मिनिटं झाली तसं म्हणते, “भाऊ, लाईन गेली का?” म्हटलं नाही बे, चालू आहे. “मंग काऊन वाजून नाई रायलं?”

वाजत होतं. पण इतकं हळू की पंख्याच्या आवाजात बुडालं. म्हणून आवाज वाढवला, अन् दोन मिनिटांनी सगळा कोरस अन् पितळी वाद्यं एकदम आली तर टिनाचं छप्पर हाललं, बाजूच्या गोठ्यातला बैल उठून उभा राहिला अन् मशीनवरचा लाल दिवा लागला तो विझायचं नाव घेईना.

इथं माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण पेपरातले संगीताचे लेख लिहिणारे हे कधी सांगत नाहीत. आपली लग्नातली गाणी असतात ना, ती बनवतानाच दाबून सपाट केलेली असतात, हळू भाग वर उचललेला अन् मोठा भाग खाली दाबलेला, म्हणून ती भोंग्यावर, रिक्षात, मोबाईलवर कुठंही सारखीच वाजतात. ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग करणारे तसं करत नाहीत. एका बाईच्या कुजबुजीपासून तर शंभर-दीडशे लोकांच्या एकदम ओरडण्यापर्यंत जेवढं अंतर हॉलमध्ये असेल तेवढं सीडीवर ठेवायचा प्रयत्न करतात. सीडीत ९६ डेसिबलपर्यंतचं अंतर मावतं. अन् आपला भोंगा त्यातलं काय वाजवणार, खालचे आवाज तर त्याला येतच नाहीत, डबल बास अन् मोठा ड्रम सगळा गायब, वरचं चिरकतं. म्हणजे भोंग्यावर हे लावलं तर अर्धं ऐकू येत नाही अन् अर्धं ऐकवत नाही. मग लोक म्हणतात इंग्रजी संगीत बेकार असते. अरे तुमचा डबा बेकार आहे, संगीताला काय दोष देता.

रात्री जेवल्यावर पंखा बंद करून, शटर ओढून, दोन कॉलम (उभे स्पीकर) समोरासमोर ठेवून परत ऐकलं. चाळीस मिनिटांच्या वर आहे. शब्द इंग्रजी, तेही जुन्या वळणाचे, माझ्या इंग्रजीला अर्धेही झेपले नाहीत, पण कुठं काय चाललंय ते समजत जातं. कोरस ढगाला हाक मारतो, देवळातल्या नाचाचं संगीत येतं, मी मनात म्हटलं हे उज्जैन आलं, महाकाल, अन् मग त्या बाईचा जड, खालच्या पट्टीतला आवाज येतो तेव्हा हे बायकोला निरोप पोचवणं सुरू झालं. ढोलकी नाही, तबला नाही, सतार नाही. मला तेच आवडलं. परदेशी माणूस भारतावर काही करायला गेला की सतार घुसवतोच, सापवाल्याची पुंगी घुसवतो. यानं नाही घुसवली. त्याला ढग दिसला, तो त्यानं त्याच्याजवळ होती त्या वाद्यांत मांडला.

एक गोष्ट मात्र आमच्या घरच्यांना पटली नाही. बायको म्हणे, “अवो, हा ढग बायकोकडं निरोप घेऊन चालला, मंग आपल्या वावरात कोन पडन?” बरोबर आहे तिचं. कालिदासाच्या यक्षानं ढगाला सांगितलं की बाबा आधी माळावर पड, नांगरलेल्या मातीचा वास घे, शेतकऱ्यांच्या बाया तुझ्याकडं डोळे लावून पाहतील, मग पुढं जा. रामगिरीवरून, म्हणजे आपल्या रामटेकवरून, निघाल्यावर पहिलं कामच ते. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणे मग चांगला आहे तो.

असो. आता खरी गोष्ट, जी मला तुमच्या वाचकांना सांगायची आहे. हे मेघदूत ४ मार्च १९१३ ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिल्यांदा वाजलं अन् पडलं. सपशेल पडलं. होल्स्टनं स्वतः काठी धरली होती. वर्षानुवर्षं खपून केलेलं काम, अन् कोणाला काही वाटलं नाही. माणूस खचला. ज्यानं कधी सप्ताहात नवा कीर्तनकार फसलेला पाहिला असेल त्याला समजेल, लोकं शिव्या देत नाहीत, उठून चहा प्यायला जातात, तेच जास्त लागतं.

त्याचा एक मित्र होता, बाल्फर गार्डिनर, स्वतः संगीतकार अन् घरचा पैसेवाला. त्यानं याला अन् आणखी दोघा भावांना, आर्नोल्ड बॅक्स अन् क्लिफर्ड बॅक्स, स्पेनजवळच्या माजोर्का बेटावर फिरायला नेलं, सगळा खर्च आपल्या खिशातून. तिथं हा क्लिफर्ड बॅक्स गप्पा मारता मारता ज्योतिषाचं बोलला. होल्स्टला नादच लागला, मित्रांच्या कुंडल्या मांडायला लागला. अन् त्यातून पुढच्या तीन-चार वर्षांत, १९१४ ते १७, जे निघालं ते ‘द प्लॅनेट्स’, म्हणजे ग्रह, एकेका ग्रहावर एकेक तुकडा. आज इंग्लंडचं ऑर्केस्ट्राचं सगळ्यात जास्त वाजणारं काम कोणतं म्हटलं तर पहिल्या दोन-चारात हे. अंतराळाच्या पिक्चरमध्ये, सिरीयलमध्ये, युद्धाच्या सीनला जे धडाड-धडाड संगीत येतं ना, त्यातलं अर्धं यातल्या मंगळावरून उचललेलं असतं, तुम्ही ऐकलंय, नाव माहीत नाही एवढंच.

म्हणजे रामटेकचा ढग पडला नसता तर ग्रह निघाले नसते. हे माझं मत आहे, इंग्लंडमध्ये कोणी प्रोफेसर मान्य करेल की नाही माहीत नाही, पण हिशेब साधा आहे, मार्चमध्ये पडला, त्याच मार्चअखेर बेटावर गेला, अन् ज्योतिष तिथं मिळालं.

ग्रहांचं पण सांगतो थोडं. सात आहेत, आपले नऊ. रवी-चंद्र-राहू-केतू नाहीत, उलट युरेनस-नेपच्यून आहेत. मंगळ युद्धाचा, तिथं आपलं जमलं. गुरू त्याच्याकडं मजा करणारा, आपल्याकडं लग्न जुळवणारा. शनी म्हणजे म्हातारपण आणणारा, अन् होल्स्टला सगळ्यात आवडायचा तो शनीच. साडेसाती काढलेल्या माणसालाच असं आवडू शकतं, मी तर म्हणतो. त्याच्या उजव्या हाताची नस कायम दुखायची, एवढं मोठं स्वरलेखन त्याच्या हातानं होईना, तर शाळेतल्या त्याच्या सोबतिणींनी अन् विद्यार्थिनींनी बसून उतरवून दिलं.

मंगळात पाच मात्रा आहेत. हे मी गणपतीत आमच्या ढोलवाल्या पोरांना ऐकवलं, त्यांना आवडलं लय, म्हणे भाऊ हे मिरवणुकीत घेऊ. घेतलं. वाजवलं बरं त्यांनी, पण नाचणारे अडकले. पाय दोन अन् मात्रा पाच, प्रत्येक आवर्तनाला एक पाय हवेत राहतो. चौकात येईपर्यंत पोरं परत नेहमीच्यावर आली.

अन् शेवटचा नेपच्यून. त्यात बायांचा कोरस आहे, शब्द नाहीत, नुसता आ-कार. या बाया स्टेजवर नसतात, बाजूच्या खोलीत असतात, दार उघडं ठेवून. शेवटी ते दार हळूहळू लावत न्यायचं, आवाज दूर दूर जात संपेपर्यंत, हे होल्स्टनं स्वरलेखनातच लिहून ठेवलंय. आम्ही साऊंडवाले फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) खाली ओढतो, एका बोटाचं काम. त्या काळात फेडर कुठला, तर या माणसानं अख्खं दार फेडर म्हणून वापरलं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी उठून गोदामाचं शटर पाहिलं, हसू नका.

पहिल्यांदा वाजलं ते २९ सप्टेंबर १९१८ ला, त्याच क्वीन्स हॉलमध्ये, निमंत्रितांसमोर. पैसे परत गार्डिनरचेच. होल्स्ट लढाईच्या कामानं परदेशी निघाला होता, जाण्याआधी त्याला स्वतःचं काम ऐकता यावं म्हणून मित्रानं हॉल अन् ऑर्केस्ट्रा भाड्यानं घेऊन दिला. सकाळी दोनेक तास रिहर्सल, काठी एड्रियन बोल्ट नावाच्या एकोणतीस वर्षांच्या पोराकडं. असं सांगतात की गुरू वाजायला लागला तेव्हा हॉलची झाडझूड करणाऱ्या बाया बाहेर कॉरिडॉरमध्ये हातातले ब्रश ठेवून नाचायला लागल्या. मला आजवर या संगीताबद्दल मिळालेलं सगळ्यात चांगलं सर्टिफिकेट ते. हाच बोल्ट पुढं ग्रह पाच वेळा रेकॉर्ड करून गेला, शेवटचं १९७८ ला, वयाच्या एकोणनव्वदीत. ज्या हॉलमध्ये ढग पडला अन् ग्रह उभे राहिले तो हॉल मात्र १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला.

होल्स्टनं स्वतः पण ग्रह रेकॉर्ड केले, दोनदा, अन् दोन्ही वेळी वाजवणारे लंडन सिम्फनीच. पहिलं १९२२ ते २४, तेव्हा माईक नव्हता. एका मोठ्या भोंग्यासमोर सगळे दाटीवाटीनं बसायचे, आवाज भोंग्यात शिरायचा अन् त्याच्या जोरावर सुई मेणावर रेघ ओढायची. म्हणजे आपला भोंगा बाहेर फेकतो तसा तो आत घ्यायचा. दुसरं १९२६ ला, माईक आल्यावर. मेघदूत मात्र रेकॉर्ड करायला कोणी हातात घेतलं नाही. पंच्याहत्तरच्या वर वर्षं गेली, तेव्हा कुठं हिकॉक्सनं हे पहिलं रेकॉर्डिंग काढलं, अन् वाजवणारे परत तेच लंडन सिम्फनी.

जाता जाता सावित्रीचं. ते पण रेकॉर्डिंग आहे, जेनेट बेकर गायलीय अन् काठी होल्स्टच्या मुलीची, इमोजेनची, जी स्वतः त्याआधी शांतिनिकेतनला येऊन राहून गेली होती. तीन माणसं, सावित्री, सत्यवान अन् यम, अर्ध्या तासाचा खेळ. सुरुवातीला एकही वाद्य नाही, कुठून तरी यमाचा नुसता आवाज येतो. वटपौर्णिमेला दुपारी लावलं मी घरी. बायकोनं पुरणाचा हात धुवून ऐकलं, अन् मी गोष्ट सांगत गेलो की ती यमाजवळ आयुष्य मागते, स्वतःचं, भरलेलं आयुष्य, अन् नवऱ्याशिवाय माझं आयुष्य होतच नाही म्हणून यमाला तो परत द्यावा लागतो. ती म्हणे, “शंभर पोरं नाई मागतले का तिनं?” म्हटलं इंग्रजांनी ते काढलं. “बरं केलं,” म्हणे, “शंभर पोरायचं कोन करन.”

आता मुद्दा. आषाढाच्या पहिल्या दिवशी रामटेकला, नागपूरला कार्यक्रम होतात, भाषणं होतात, श्लोकांचं गायन होतं, मी स्वतः एका ठिकाणी साऊंड लावला होता. तिथं मधल्या वेळात आयोजकांना म्हटलं पाच मिनिटं हे लावू का, मेघदूतच आहे. एक मिनिट ऐकलं अन् म्हणे भुताच्या पिक्चरचं वाटते, शहनाई लावा. लावली शहनाई. भाड्यानं आलेला माणूस काय बोलणार.

पण माझं म्हणणं आहे की हे पूर्ण, सलग, एकदा तरी रामटेकला वाजलं पाहिजे. रामगिरी म्हणजे रामटेकच हे महामहोपाध्याय मिराशींनी सगळे पुरावे देऊन मांडलं (छत्तीसगडवाले त्यांचा रामगड सांगतात, सांगू द्या, त्यांनी पण तिकडं वाजवावं), गडावर कालिदास स्मारक आहे, खाली कालिदासाच्या नावाची संस्कृत युनिव्हर्सिटी १९९७ पासून आहे, एवढं सगळं असून तो ढग लंडनला जाऊन आल्याचं आपल्याला ऐकवत कोणी नाही. कायद्याचं म्हणाल तर होल्स्ट १९३४ मध्ये गेला, आपल्याकडं मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्याची रचना मोकळी झालेली आहे, पण रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो, त्याचीही साठ वर्षं, ती अजून भरायची आहेत, म्हणून जाहीर लावायचं तर कंपनीची रीतसर परवानगी घ्या. एक ईमेल आहे हो, युनिव्हर्सिटीनं मनावर घेतलं तर आठ दिवसांचं काम.

भाषणं आधी उरका, लोकांना शेवटी थांबवू नका. वेळ संध्याकाळची ठेवा, गाड्यांचे हॉर्न कमी झाल्यावर. स्टेजवरचे पंखे अन् जनरेटर लांब न्या, नाहीतर परत कोणीतरी विचारेल लाईन गेली का. भोंगा एकही लावायचा नाही, ही माझी अट आहे. माझे दोन टॉप, दोन बेस अन् मशीन मी घेऊन येतो, भाडं नको, नागपूरपर्यंत अन् पुढं रामटेकपर्यंतचं डिझेल द्या. फक्त ताडपत्री तुमच्याकडची ठेवा, माझी दोन्ही कपाशीच्या गंजीवर आहेत, अन् त्या दिवशी पाऊस आला तर स्पीकर झाकायला चारेक तरी लागतील.

आपला,
एक साऊंडवाला वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा